सासऱ्यांचा अडकलेला हात

माझे सासरे सुतार. दार बसवण्यात त्यांचा हात धरणारा मी अजून पाहिलेला नाही. चौकट तिरकी असो, भिंत पोट काढून उभी असो, बाबा बिजागऱ्या अशा बसवतात की दार एका बोटाने लागतं. स्वभावही तसाच, आवाज न करणारा. मी त्यांच्या बरोबर उलटी. मला राग यायला कारण लागत नाही, आणि आला की घरातली भांडीसुद्धा गप्प बसतात.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करत होते आणि संध्याकाळी क्लबात डार्ट्स खेळत होते. सून बाण मारते म्हटल्यावर नातेवाइकांच्या भुवया वर गेल्या. बाबांनी घरामागच्या शेडमध्ये लाकूडसामान एका बाजूला सारलं, भिंतीवर बोर्ड टांगला, पाणसळ लावून तो सरळ केला आणि जिथे उभं राहून फेकायचं तिथे जमिनीवर एक पट्टी ठोकली. "बघ, जमतंय का," एवढंच म्हणाले. इतकी मोलाची भेट मला कुणी दिलेली नाही. नवऱ्याने तर नाहीच नाही, आणि हे मी त्याला वाचून दाखवणार आहे.

खेळ तसा साधा. पाचशे एकपासून सुरुवात करायची, एका पाळीत तीन डार्ट मारायचे आणि मिळालेले गुण वजा करत शून्यावर यायचं. गोम एवढीच की शेवटचा डार्ट बोर्डाच्या कडेच्या बारीक पट्टीत, म्हणजे गुण दुप्पट करणाऱ्या डबलमध्येच लागावा लागतो. बाबांना हे सगळं आधीच ठाऊक होतं. ते माझे गुण मांडायचे, डार्ट उपटून आणून द्यायचे, पण स्वतः कधी फेकायचे नाहीत. "मारा ना एक तरी," मी म्हणायचे. "मला रंधा मारायचाय," म्हणून ते सटकायचे. मला वाटायचं, सुनेकडून हरायला नको म्हणत असतील.

मग एक दिवस माझा हात अडकला.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांना हे सांगून पटत नाही. नेम धरलेला असतो, हात पुढे जातो आणि बोटं डार्ट सोडतच नाहीत. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. खांदा ठीक, कोपर ठीक, डॉक्टर म्हणतो तुम्हाला काही झालेलं नाही. खेळाडू या दुखण्याचं नाव घेत नाहीत, आणि ज्याला ते झालंय त्याच्या शेजारी उभेही राहत नाहीत. नुसतं बघूनही लागण होते, अशी सगळ्यांची पक्की समजूत. क्लबातल्या माझ्या जिवाभावाच्या मंडळींनी एकेक करून काढता पाय घेतला. एकीच्या घरी अचानक पाहुणे यायला लागले, दुसऱ्याची पाठ धरली, आणि तिसरी सरळ पलीकडच्या बोर्डावर जाऊन माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

आणि वेळ तरी कोणती! पात्रता स्पर्धा तोंडावर आलेली. तिचा शेवटचा सामना जो जिंकेल त्याला पुढे दोन वर्षं व्यावसायिक खेळाडूंच्या स्पर्धांत खेळता येतं. मी आधी दोनदा थोडक्यात हुकले होते. दुकानाच्या मालकीणबाईंनी या खेपेला स्पष्टच सांगितलं होतं, "ही रजा शेवटची. पुढे काय ते तूच ठरव, काचा की बाण." हरले असते तर माझे डार्ट कायमचे पेटीत गेले असते.

एका दुपारी शेडमध्ये मी डार्ट भुईवर आपटले आणि ओरडले, "संपलं सगळं!"

बाबांनी हातातली पटाशी खाली ठेवली. वाकून डार्ट गोळा केले, शर्टाला पुसले आणि पट्टीपाशी जाऊन उभे राहिले. माझ्यासमोर त्यांनी पहिल्यांदाच नेम धरला. हात पुढे गेला, मागे आला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे, बंद दारावर कुणी टकटक करावी तसा. कपाळावर घाम जमला. शेवटी डार्ट सुटला तो बोर्डाच्या आसपासही न जाता भुशाच्या ढिगात पडला.

"तुझा नवरा शाळेत जायचा तेव्हापासून आहे हे," ते म्हणाले. "बरा खेळायचो मी. मग हा अडकला. कुणाला कळायच्या आत सोडून दिलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुला लागण झाली असती."

"बाबा, हे काय गालगुंड आहे?"

"झालीच ना शेवटी," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा पडला की मला हसावं की रडावं कळेना. माझा खेळ बिघडू नये म्हणून या माणसाने स्वतःचा हात इतकी वर्षं माझ्यापासून लपवला होता. आणि आता मी एकटी पडू नये म्हणून तोच हात माझ्यासमोर उघडा केला. मला भडभडून रडू आलं. बाबा घाबरून म्हणाले, "अगं, पुढचा डार्ट तुझा आहे."

त्या दिवसापासून आम्ही दोघं मिळून अडकू लागलो. आमची एकेक पाळी इतकी लांबायची की चहा गार व्हायचा. माझा हात थांबला की बाबा म्हणायचे, "थांबू दे. तुला कुठे गाडी पकडायचीय?" त्यांचा थांबला की मी म्हणायचे, "बाबा, मी जरा भाजी चिरून येते." ते हसायचे आणि हसता हसता कधीतरी डार्ट सुटायचा. दुखणं गेलं नाही. पण भीती ओसरली, आणि माझे डार्ट पुन्हा बोर्डात लागू लागले. बाबांचे मात्र बहुतेक भुशातच.

स्पर्धेला यायला ते तयार नव्हते. "माझी सावली नको तुझ्यावर," म्हणाले. मी माझा ठेवणीतला आवाज काढला, तेव्हा मुकाट्याने गाडीत बसले.

भल्या मोठ्या हॉलमध्ये बोर्डांच्या रांगा होत्या आणि नव्या गालिच्याच्या गोंदाचा वास कोंदला होता. एकेक सामना करत मी शेवटच्या सामन्यापर्यंत पोचले. समोर एक बेकरीवाला होता, दोन्ही हातांवर भट्टीचे डाग असलेला. सरावाच्या वेळी माझा हात एकदा अडकलेला त्याने पाहिला आणि असा झटक्याने पाठ फिरवली की मी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

सामना बरोबरीत गेला. शेवटच्या डावात मला बत्तीस उरले, म्हणजे सोळाचा डबल. तो चाळीसवर होता. माझी ही पाळी चुकली की पुढची त्याची, आणि त्याला एकच डबल हवा होता.

पहिला डार्ट डबलच्या पट्टीत न लागता अलीकडे, साध्या सोळात पडला. "सोळा!" पंचाने पुकारलं. उरले सोळा, म्हणजे आता आठाचा डबल. मी नेम धरला, हात पुढे नेला आणि तो अडकला. पुन्हा नेला, पुन्हा अडकला. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. बोटं आणखी घट्ट झाली.

तेवढ्यात खुर्च्यांमधून बाबा उठले. चारचौघांत कधी मोठ्याने न बोललेला माणूस सबंध हॉलला ऐकू जाईल असा ओरडला, "हसू नका! ती माझी सून आहे. तिचा हात अडकतो. माझापण अडकतो! जरा थांबायला काय जातंय तुमचं?"

पंच म्हणाले, "आजोबा, खाली बसा."

"बसतो," बाबा म्हणाले. "पण तुम्हीही घाई करू नका तिला."

मला खुदकन हसू फुटलं. त्या हसण्यात डार्ट कधी सुटला ते मला कळलंही नाही. पंचाने सामना संपल्याचं पुकारलं, तेव्हा वर पाहिलं. तो आठाच्या डबलमध्ये रुतून बसला होता.

बाबांनी ते पाहिलंच नव्हतं. ते दोन्ही हातांत तोंड लपवून बसले होते.

बेकरीवाल्याने माझ्याशी हात मिळवला आणि खुर्च्यांमधून वाट काढत थेट बाबांकडे निघाला. मला वाटलं, हा आता त्यांच्याशी भांडणार. मीही बाह्या सरसावून मागोमाग गेले. तो बाबांसमोर थांबला, इकडेतिकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "काका, माझाही अडकायला लागलाय. अजून कुणाला माहीत नाही."

बाबा त्याच्याकडे बघतच राहिले. आपला हात अडकतो असं त्यांना आजवर माझ्याशिवाय कुणी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी शेजारच्या खुर्चीवरचा माझा कोट उचलून मांडीवर घेतला.

"बैस," ते म्हणाले. "कोपरातून अडकतो की बोटांत?"

फोटोसाठी माझ्या नावाचा पुकारा चालला होता. दोन वर्षं खेळायला मिळणार होतं, आणि मला तिथून हलवेना. हा माणूस मला सासरा म्हणून मिळाला, याबद्दल मी त्या गर्दीत उभी राहून आभार मानले, कुणाचे ते मलाही ठाऊक नाही. बाबांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. सगळ्यांच्या देखत ते दोघं रिकामा हात पुढेमागे करत, नेमकं कुठे अडकतं ते एकमेकांना दाखवत बसले होते.