हिसानोने दिलेला होकार

हिसानो मोरिवाकीला कुणाला नाही म्हणता येत नसे. ओसाकातल्या एका देवळाच्या कमानीशी, उत्सवाच्या दिवसांत, तिचा ताकोयाकीचा, म्हणजे ऑक्टोपस घातलेल्या पिठाच्या गोळ्यांचा, गाडा लागायचा. गिऱ्हाइकाने काही मागितलं की तिची मान आधी हलायची, डोकं मागाहून. तिचा नवरा तात्सुझो मागे स्टुलावर बसून ऑक्टोपसचे तुकडे करी. अर्धांगाच्या झटक्याने त्याचा डावा हात गेला होता, पण जीभ शाबूत होती.

"कुणी गाडाच मागितला तरी मान हलवशील तू," तो म्हणायचा.

"हलवीन की. वर तुम्हालाही देऊन टाकीन."

त्या दिवशी दुपारी देवळापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या गाड्यावर ओरिए नूडल्स परतत होती. तिने तिथूनच हाक दिली, "अगं ए, हे परदेशी सगळे तुझ्याकडेच कसे गं? माझ्या नूडल्सना काय काटे आहेत?"

"नूडल्सना नाहीत, तुझ्या तोंडाला आहेत. भाषा येत नसली तरी दिसतात त्यांना!"

रांगेत पुढे एक तरुण जोडपं होतं. बापाच्या खांद्यावर पाचेक वर्षांची मुलगी. पहिल्यांदाच या देशात आलेली माणसं, हे पाहताक्षणी कळत होतं. हिसानोचा टोचा तव्याच्या खळग्याखळग्यातून गोळे उलटवत फिरत होता आणि तिघंही तोंड उघडं टाकून त्याकडे बघत होती. मग आईने मेयोनीजच्या बाटलीकडे बोट दाखवलं, लेकीकडे दाखवलं आणि हातांची फुली केली. "तामागो, नो," ती म्हणाली. अंडं नको, एवढं ती इथल्या भाषेत शिकून आली होती.

मेयोनीजमध्ये अंडं असतं. पोरीला ते आवडत नसेल. "मेयोनीज नको ना? कळलं, कळलं!" हिसानोने मान हलवली.

आईचं समाधान झालं नाही. तिने सगळ्या तव्यावरून बोट फिरवलं आणि पुन्हा तेच विचारलं. मागे रांग चुळबुळत होती. हिसानोने पुन्हा, जरा जास्तच जोरात, मान हलवली. सकाळी पिठात अंडी तिनेच फोडली होती. पण इतकी वर्षं रोज फोडून फोडून तिच्या लेखी ते अंडं राहिलंच नव्हतं, ते पीठ झालं होतं.

आईने फुंकर घालून एक गोळा भरवला. पोरीने दुसरा मागून घेतला. हिसानो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली, आणि थोड्याच वेळात मागे किंकाळी फुटली.

पोरगी जमिनीवर होती. मान खाजवत होती, ओठ टरारून सुजले होते, अन्न उलटून पडलं होतं आणि श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता. आईने पिशवी पालथी केली, अ‍ॅलर्जीवरच्या इंजेक्शनचं पेन शोधलं आणि लेकीच्या मांडीत खुपसलं.

तात्सुझो धडपडत उठला. "हिसानो! पिठात अंडं आहे!"



ओरिएने फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. ती आली, पण कमानीबाहेरच अडकली. "गाडा आडवा येतोय! गाडा काढा!" कुणीतरी ओरडलं. गाडा हिसानोचाच होता. तिने गॅस बंद केला आणि फडक्याने तापलेली कड धरली. आजूबाजूचे गाडेवाले धावून आले, सगळ्यांनी मिळून रेटा दिला. पिठाचं भांडं कलंडलं, फरशीवर पांढरा लोंढा पसरला, दोघंजण घसरून पडले. तेवढ्या फटीतून स्ट्रेचर आत आलं आणि पोरीला घेऊन गेलं. तिचे ओठ निळे दिसत होते.

हिसानो पिठाचं पाकीट घेऊन मागे धावली. त्यात आणखी काय काय आहे ते डॉक्टरांना कळायला हवं होतं. बापाने तिचा हात झिडकारला. पाकीट अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याने घेतलं.

ती एप्रनवरच हॉस्पिटलात पोहोचली. बाप बोळात येऊन तिच्यावर ओरडला. एक शब्द कळला नाही, आणि सगळं कळलं. ती कमरेत वाकून उभी राहिली. इंग्रजी येणारी एक नर्स मध्ये आली, तेव्हा हिसानो म्हणाली, "त्यांना सांगा, मला नीट कळलं नव्हतं. तरी मी हो म्हटलं. चूक माझी आहे."

"काकू, असंच सांगू?"

"असंच सांगा."

ऐकून बाप भिंतीला टेकला, मग खाली बसला. बऱ्याच वेळाने आई बाहेर आली. धोका टळला होता, श्वास सुरळीत झाला होता. रात्रभर मात्र लक्ष ठेवणार होते. हिसानोकडे पाहून ती काहीतरी बोलली. नर्सने सांगितलं, "त्या म्हणताहेत, मी दोनदा विचारलं होतं."

"हो," हिसानो म्हणाली. "दोनदा."

माफी ना मिळाली, ना तिने मागितली. पुढचे कित्येक दिवस गाडा फडक्याखाली झाकून होता. ओरिए येऊन बडबडून गेली, "तुझ्या जागी तो मक्याची कणसं भाजणारा आणून बसवलाय गं, धूर सगळा माझ्या नाकात!" तरी हिसानो हलेना. शेवटी ती नवऱ्याला म्हणाली, "विकून टाकू या. माझ्या मानेचा भरवसा नाही."

एरवी एका शब्दाला चार परत करणारा तात्सुझो खाली बघत म्हणाला, "मागे मी बसलो होतो. ती 'तामागो' म्हणाली, ते मलाही ऐकू आलं होतं. वाटलं, तू बघशील. तुझ्या एकटीचं नाही ते."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग ती त्याचा धड हात हातात घेऊन बसली.

पुढच्या उत्सवाला गाडा लागला. आता तव्यापुढे वाट्या मांडलेल्या होत्या: अंडं, पीठ, ऑक्टोपसचे तुकडे, सुक्या माशाचे पापुद्रे. अनोळखी माणूस आला की हिसानो एकेक वाटी त्याच्यापुढे धरायची. ओरिए हसून हसून बेजार. "अगं, ताकोयाकी विकतेस की जादूचे खेळ करतेस?"

दुपारी एक परदेशी तरुण काहीतरी विचारू लागला. तिने वाट्या दाखवल्या, त्याने हात उडवले, पुन्हा विचारलं. तिला कळेना. तिने मागे पाहिलं. तात्सुझोलाही कळलं नव्हतं. मग तिने दोन्ही हातांची फुली केली. नाही. तरुण चिडला, काहीतरी पुटपुटत निघून गेला. रांगेतले चारजण कुजबुजले.

"घालवलंस गिऱ्हाईक," ओरिए म्हणाली.

"घालवलं."

उलटवताना तिच्याकडून एक गोळा फुटला, तो तिने बाजूला काढला आणि पुढच्याला विचारलं, "बोला, काय देऊ?"