काकांची जिन्यातली सुनावणी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतक्या शिक्षा अख्ख्या चेन्नईत कुणी सुनावल्या नसतील, आणि त्यांतली एकही कुणी भोगलेली नाही. काका तंजावरी मराठी. कोर्टात स्टेनो होते, उभा जन्म निकाल टाईप करण्यात गेला. निवृत्त झाले, पण कोर्ट काही अंगातून जाईना. पोरांनी चेंडूने काच फोडली की हे जिन्यातच सुनावणी घेणार. डाव्या हाताच्या बोटांवर शिक्षा वाढवणाऱ्या गोष्टी, उजव्यावर कमी करणाऱ्या. "जुना राग होता काय? नाही. पहिलाच गुन्हा? सरी, ठीक. पळाला की थांबला?" एकदा माझं सांबार खारट झालं, तर म्हणाले, "इरादा नव्हता, पण दुखापत गंभीर आहे." मी वैतागून दारच लावून घेतलं.

आणि मग ती वेळ आमच्याच घरावर आली. गिंडीच्या कारखान्यात माझ्या धाकट्या भावाने भांडणात सोबतच्या कामगाराला ढकललं. तो मशीनवर आपटला, मनगटाचं हाड मोडलं. खटला चालला, भाऊ दोषी ठरला. शिक्षा किती, ते दोन दिवसांनी ठरणार होतं. वकील म्हणाले, सात वर्षांपर्यंत होऊ शकते.

काका आपणहून खाली आले. भावाचा एकच धोशा, "मी मुद्दाम नाही ढकललं." काका कडाडले, "अय्यो, ते ठरून गेलं! आता परत तेच म्हणशील तर जज्ज म्हणतील, ह्याला पस्तावा नाही. आता विचारतील ते तू माणूस कसा, एवढंच." मग बोटं सुरू झाली. हातात हत्यार नव्हतं, आधीचा गुन्हा नाही, जखमीला स्वतःच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डाव्या हाताचं मात्र एक बोट त्यांनी ताठ ठेवलं. "त्याला अजून पाना धरवत नाही. हे विसरायचं नाही." भाऊ त्या दिवशी पहिल्यांदा रडला.

काकाही कोर्टात आले, मागच्या बाकावर बसले. जज्जांनी भावाला काही सांगायचंय का विचारलं, तेव्हा तो "मी मुद्दाम" एवढं बोलून अडखळला. मग म्हणाला, "माझ्यामुळे त्याचा हात कामातून गेला, साहेब. मला झोप लागत नाही."

सहा महिने! हुश्श! तुरुंगच तो, पण सात वर्षांच्या धास्तीपुढे मला देवच पावल्यासारखं झालं. आई तर हसतरडतच होती. मी काकांकडे धावले. ते बाकावरून उठेचनात.

"काका, सहाच महिने!"

"इतक्या शिक्षा टाईप केल्या, अम्मा," ते हळूच म्हणाले, "मान खाली घालून. घरच्यांची तोंडं आज बघितली."