सविताने माझं नाव घेतलं नाही

ईशान, तारा —

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. आज लिहिते, कारण परवा फोनवर ईशान म्हणाला, "आजी, मॅच ब्लडी ऑसम झाली!" आणि मी फटकन विचारलं, "हे कुठे शिकलास?" तू हसलास. मी फोन ठेवला — हाच प्रश्न मी आधी एकदा ऐकला होता.

तुमची आजी म्हणजे कपाटातल्या साड्या रंगवार लावणारी, तुमच्या पत्रांतल्या चुका लाल पेनाने दाखवणारी. पण आपल्या चिकूच्या वाडीत, बागेतली फळं निवडताना माझी जीभ सैल सुटायची. माझे वडील एका बागायतदाराकडे कारकून होते; त्या शेठचं इंग्रजी मी लहानपणीच उचललं. सुबक चिकू हाती आला की "ब्लडी गुड!", किडका निघाला की "डॅम इट!"

समोर वाडीत कामाला येणारी सविता बसलेली असायची. जवळच्या चिखले गावची, बारावी झालेली, नवरा मासेमारीच्या बोटीवर. चिकू निवडता निवडता ती माझ्याकडून इंग्रजी शिकायची.

"बाई, मी पण म्हणू? ब्लडी गुड?"

"म्हण की!"

हे शब्द चारचौघांत चालत नाहीत, एवढं सांगायला काय लागलं असतं? नाही सांगितलं. मला गंमत वाटायची.

२०१६ मध्ये तलासरीकडच्या एका शाळेला बालवाडीसाठी बाई हवी होती. सविताला अर्ज करायला मीच लावलं. मी त्या शाळेच्या समितीवर होते, म्हणून मुलाखत घेणाऱ्या तिघांत मीही होते; ती माझ्याकडे शिकते, हे बाकीच्या दोघांना मी सांगितलं नव्हतं. ती इस्त्रीची साडी नेसून आली, ताठ बसली आणि इंग्रजीत म्हणाली, "आय ॲम ब्लडी हॅपी विथ चिल्ड्रन, सर."

शाळेचे चिटणीस आधी हसले. मग हसू आवरून त्यांनी विचारलं, "हे कुठे शिकलीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी — मी समोरच्या कागदांत पाहिलं.

"टीव्हीवरून, सर," ती म्हणाली.

तेव्हा तरी बोलायचं ना? मी पेन उचललं. अक्षर चांगलं म्हणून शेरा लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी लिहिलं — भाषा मुलांसमोर योग्य नाही. खाली सही केली. वळणदार.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला आली. मी पाट पुढे सरकवला, ती बसली. मुलाखतीचं तिने काही काढलं नाही. मीही नाही.

सविता अजून येते. चांगला चिकू हाती आला की क्षणभर बघते आणि मुकाट्याने क्रेटमध्ये ठेवते. इंग्रजीचा एकही शब्द तिच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही. मला ती अजून बाई म्हणते.