एस्तेरअक्कांचा शनिवारचा चहा

एरंडोलहून जळगावला परत येताना एसटीत फोन वाजला. आमच्या खालच्या मजल्यावरचे पाटीलभाऊ विचारत होते, एस्तेरअक्का दार उघडत नाहीत, तुमच्याकडे त्यांची किल्ली असते ना? शनिवार होता, सकाळचे दहा वाजून गेलेले. किल्ली माझ्या पर्समध्ये आणि मी खिडकीशी बसून भाचीच्या हळदीचे फोटो बघत होते... शेवटी त्यांनी कडी तोडली. मी पोहोचले तेव्हा अक्का स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसलेल्या होत्या, पदर नीट, चष्मा काढून ओट्यावर ठेवलेला. डॉक्टर म्हणाले, सहा-सातच्या सुमाराला हृदय थांबलं, कोणी जवळ असतं तरी उपयोग झाला नसता. तेव्हापासून जो भेटतो तो मला हेच सांगतो. सांगू देत बापडे.

अक्का बेने इस्राएल, म्हणजे आपल्या मराठी ज्यू. वडील रेल्वेत, त्या स्वतः सरकारी दवाखान्यात परिचारिका. मी शाळेतली बाई, तोंडाची फटकळ. तीस वर्षांपूर्वी समोरच्या घरात राहायला आले, तेव्हा पहिल्याच शनिवारी विरजण मागायला गेले तर ही बाई चहाशिवाय बसलेली. गॅस संपला का, म्हटलं. तर म्हणाल्या, शुक्रवारचा सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत आमच्यात विस्तव पेटवत नाहीत. मला ‘पेटवून दे’ म्हणणंही त्यांच्या नियमात बसत नव्हतं. मी म्हटलं, मग मी माझ्यासाठी करते, जास्त झाला तर तुम्ही घ्या. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून माझा चहा दर शनिवारी बरोबर एक कप जास्त व्हायला लागला. शुक्रवारी दिवस असतानाच त्या पातेल्यात पाणी, साखर, आलं घालून ठेवत, शेजारी दोन कप आणि लायटर. मी सातला जायचं आणि नुसतं पेटवायचं.

त्यांच्या समाजाची जळगाव, भुसावळ, धुळ्यात आता बोटांवर मोजण्याइतकी म्हातारी माणसं उरलीत. मुलं कुणाची इस्राएलला, कुणाची मुंबईला. या सगळ्यांची जबाबदारी अक्कांनी निवृत्त झाल्यावर आपणहून घेतली. कुणाचा हयातीचा दाखला, कुणाचा मोतीबिंदू, कुणाचा निराधार योजनेचा अर्ज, कुणाला मुंबईच्या त्यांच्या ट्रस्टकडून औषधं. रेक्झिनची काळी पिशवी घेऊन त्या तहसीलच्या बाकावर अख्खा दिवस काढत. धर्माच्या रकान्याशी कारकून हटकून अडायचा, ‘यहुदी म्हणजे ख्रिश्चनच ना?’ माझं डोकं फिरायचं. अक्का मात्र दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं समजावून सांगत. शुक्रवारी दुपारी सगळ्यांना फोन, जेवलात का, गोळ्या आहेत का... त्यांना स्वतःला हे कोण विचारत होतं? मीही नाही. मला वाटायचं, नर्सबाईला काय विचारायचं.

या वर्षी त्यांचा जीव अडकला होता धुळ्याच्या दानियलनानांत. नाना एसटीच्या वर्कशॉपमधले, एकटे, आता दोन्ही डोळे गेलेले. स्टोव्हवर दोनदा हात भाजून घेतलेला. मुंबईकडे समाजाचा वृद्धाश्रम आहे, जागाही होती, पण नाना त्यांच्यातलेच असल्याचा कागद हवा होता. आईवडिलांच्या लग्नाचा, नाहीतर सिनेगॉगचा, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघराचा. पांझरा नदीच्या पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा नानांची ट्रंक वाहून गेली होती.

आम्ही गेलो तेव्हा नाना भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “मना बठ्ठा कागद पानीमा ग्यात, अक्का. आते मी कोन शे, हाई कोन सांगी?”

अक्का म्हणाल्या, “कागद गेले, नाना. माणसं आहेत ना. विचारू.”

मग भर उन्हात आम्ही दोघी नानांच्या जुन्या गल्लीत दारोदार. मी कुरकुरत होते, कोण सापडणार आहे आता म्हणून. सहाव्या की सातव्या घरात विणकरांची झुलेखाबी भेटली, ऐंशीच्या पुढची, कमरेत वाकलेली. दानियलचं नाव काढताच म्हणाली, “यासना घरनी शनवारनी चूल मीच पेटाडेल शे.” परकरात होती तेव्हापासून, अम्मी तिला दर शनिवारी पाठवायची. अक्का मटकन उंबऱ्यावर बसल्या, माझ्याकडे बघितलं आणि रडायला लागल्या. तीस वर्षांत त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं. फुलस्केपवर त्यांनी तिचं म्हणणं शब्दन् शब्द लिहिलं, वाचून दाखवलं, खाली अंगठा घेतला. आश्रमाचे लोक फोनवर म्हणाले, असा पुरावा कधी आला नाही, पण समितीपुढे ठेवतो.

त्या शुक्रवारी मी एरंडोलला निघाले तर अक्का दारात आल्या. म्हणाल्या, सोमवारपर्यंत उत्तर येईल, उद्या चहा घेताना नानांच्या सामानाचं बघू. मी म्हटलं, सातला हजर. संध्याकाळी बहिणीने हात धरला, हळदीची रात्र आहे, राहा गं. फोन लावला तर दिवस मावळलेला, म्हणजे नियमाप्रमाणे अक्कांचा मोबाइलही बंद. एक शनिवार चहा नाही मिळाला तर काय बिघडतं... हे मी बोलले. माझ्याच तोंडाने.

ओट्यावर पातेलं तसंच होतं. पाणी, साखर, आलं. काठावर मुंग्यांची रांग. दोन कप. लायटरची मूठ माझ्या हाताला येईल अशी वळवलेली.

पत्र त्यानंतर आठ दिवसांनी आलं, अक्कांच्या नावाने. झुलेखाबीची साक्ष मान्य झाली होती. नानांना पोहोचवायला मीच गेले. त्यांची खाट खिडकीशी आहे, जेवण वेळेवर येतं. निघताना त्यांनी माझा हात चाचपला आणि एवढंच विचारलं, “आते शुक्कारना फोन कोन करी?” आता मी करते. मला काही अक्कांसारखं गोड बोलता येत नाही. गोळ्या घेतल्या नाहीत म्हणून मागच्या शुक्रवारी भुसावळच्या एका काकूंवर ओरडलेच.

अक्कांचा मुलगा इस्राएलहून येऊन गेला. घराचं ठरेपर्यंत किल्ली राहू द्या म्हणाला. काल शनिवार होता. सातला मी दार उघडलं, पातेलं ठेवलं, माझ्यासाठी चहा केला. एक कप जास्त झाला. तो समोर ठेवून बसले, साय धरेपर्यंत.

झुलेखाबीला अक्षर येत नव्हतं, तरी तिने साक्ष दिली. मी तर शिकलेली. माझीही लिहून घ्या. एस्तेरअक्कांच्या घरचा शनिवारचा गॅस तीस वर्षं मीच पेटवला. शेवटचा शनिवार सोडून.