आंटीजींचं विलायती सिमकार्ड

बायको सहा आठवड्यांसाठी इंग्लंडला निघाली तेव्हा घरात सगळ्यात जास्त तयारी मी केली, असं माझं मत आहे. तिचं मत वेगळं आहे. ती चंदीगडच्या एका वैद्यकीय संस्थेत संशोधन करायची. प्रयोगशाळेतलं कुठलंसं नवं तंत्र शिकायला तिला पाठवत होते, आणि बॅग तिची तिनेच भरली, हे खरं. पण फोनचं खातं माझ्याकडे होतं. मोबाइल आमच्या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. इथलं कार्ड तिकडे रोमिंगवर वापरलं तर घर विकावं लागेल, असं मला विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी सांगितलं होतं, आणि आमचं घर तर भाड्याचं होतं.

मी गणित शिकवतो. त्यामुळे कुठल्याही गोष्टीची यादी केल्याशिवाय मला चैन पडत नाही. चौतीस सेक्टरमध्ये परदेशी जाणाऱ्या पोरांसाठी इंग्रजीचे क्लास होते, त्यांच्या खालीच मोबाइलची दुकानं. तिथे दोन संध्याकाळी घालवून मी माहिती काढली. तिकडे गेल्यावर तिथलंच प्रीपेड कार्ड घ्यायचं. विमानतळावर घ्यायचं नाही, गावात जाऊन घ्यायचं. पासपोर्ट जवळ ठेवायचा. पावती फेकायची नाही. असे अकरा मुद्दे मी टाइप करून तिच्या हातात दिले.

ती नागपूरची. तिने कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "तू परीक्षा घेऊन राहिला का माझी?"

तेवढ्यात आंटीजी आल्या. आंटीजी म्हणजे आमच्या घरमालकीण. त्या खाली राहायच्या, आम्ही वरच्या मजल्यावर. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, त्यामुळे आमच्या घरात शिरताना त्या दार वाजवत नसत, फक्त आत येत. आमची सहा वर्षांची मुलगी शाळा सुटल्यावर मी घरी येईपर्यंत त्यांच्याकडेच असायची. त्यांच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. आम्हाला वाटलं, प्रवासासाठी पिन्नीचे लाडू आणले असतील. त्यांनी झाकण उघडलं तर आत सिमकार्डं! एकेक कार्ड कागदात गुंडाळलेलं, वर गुरुमुखीत देशाचं नाव. कॅनडाची चार, इंग्लंडचं एक, ऑस्ट्रेलियाचं एक, आणि एकावर नुसतंच प्रश्नचिन्ह.

आमच्या गल्लीत ही रीतच होती. प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी परदेशात. इथून जाणारा डब्यातून त्या देशाचं कार्ड घेऊन जाई आणि परत आला की डब्यात आणून टाकी. नवं कार्ड कशाला घ्यायचं, असा साधा हिशेब. इंग्लंडचं कार्ड आंटीजींनी स्वतः बहिणीकडे राहायला गेल्या होत्या तेव्हा घेतलेलं. अट एकच. काही महिन्यांतून एकदा ते तिकडे वाजलं पाहिजे, नाहीतर कंपनी ते बंद करून टाकते. म्हणजे गल्लीतल्या माणसांनी आळीपाळीने परदेशी जाऊन ते कार्ड जिवंत ठेवायचं.

"और उतरते ही मेरी बहन को फोन करना, पुत्तर," आंटीजी म्हणाल्या. "पक्का."

मी हरकत घेतली. दुसऱ्याच्या नावाचं कार्ड, दुसऱ्याचा नंबर, उद्या काही भानगड झाली तर जबाबदार कोण, असे माझे तीन मुद्दे तयार होते. पहिला संपेपर्यंत बायकोने कार्ड पर्समध्ये टाकलं होतं. माझी यादी टेबलावरच राहिली. त्यावर पुढे बरेच दिवस चहाचा कप ठेवला जायचा.

भानगड व्हायची ती झालीच. तिने विमानतळावर फोन चालू केला आणि दहा मिनिटांत तो वाजला. पलीकडून एक गृहस्थ अत्यंत प्रेमाने लोणच्याची चौकशी करत होते, "भैणजी, अचार ल्याए ओ?" तो नंबर त्या मुलखातल्या आंटीजींच्या सगळ्या गोतावळ्याला पाठ होता. नंबर चालू झाला म्हणजे आंटीजी आल्या! पुढच्या दोन दिवसांत बायकोला एका साखरपुड्याचं आमंत्रण आलं, एकाने गुडघ्यांची चौकशी केली, आणि एका बाईंनी मागच्या खेपेला काहीतरी लागेल असं बोलल्याबद्दल माफी मागितली. बायकोने ती आंटीजींच्या वतीने देऊन टाकली. तिसऱ्या दिवशी आंटीजींची बहीण पराठ्यांचा डबा घेऊन हॉस्टेलच्या दारात हजर. तेव्हापासून दर रविवारी दुपारचं जेवण तिच्या घरी, यावर चर्चा नाही. माझ्या मुलीने तिचं नाव लगेच मासी, म्हणजे मावशी, ठेवलं.

मला मात्र काळजी होती ती मिनिटांची. त्या कार्डावरून भारतात फोन करणं महागच होतं. बायको दुकानातून रिचार्ज घेई आणि एका रिचार्जमध्ये साधारण दहा मिनिटं मिळत. मग आवाज मध्येच तुटे, अर्धं वाक्य तिकडेच राही. म्हणून मी वेळापत्रक आखलं. बुधवारी आणि शनिवारी फोन. चार मिनिटं लेकीची, चार माझी, दोन राखीव. फोनजवळ मी घड्याळ घेऊन उभा राहायचो आणि लेकीला सांगायचो, "पटापट बोल हं, आईचं कार्ड संपतंय."

पहिले दोन फोन ती बोलली. म्हणजे तिच्या परीने. आमच्या मुलीला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर ती हिंदीत द्यायची. शाळेत काय झालं, डब्यात काय होतं, मग "हां", "हां", आणि मग बराच वेळ नुसती ऐकत राहायची. चारच्या जागी सात मिनिटं व्हायची आणि माझ्या वाट्याला "हॅलो, जेवलास का" यापुढे काही यायचं नाही. मी चिडायचो. आता सांगायला लाज वाटते, पण चिडायचो.

तिसऱ्या फोनला ती आलीच नाही. पलंगाखाली जाऊन बसली. "मुझे नहीं करनी बात."

मला वाटलं, खेळात असेल. चौथ्या फोनलाही तेच. पाचव्याला मी तिला उचलून आणलं, रिसीव्हर कानाला लावला, तर तिने ओठ घट्ट मिटून घेतले. पलीकडून तिची आई "पिल्लू, पिल्लू" म्हणत राहिली. इकडे पिल्लू भिंतीकडे बघतंय. शेवटी मी रिसीव्हर घेतला.

"रुसलीय," मी म्हणालो. "होईल ठीक."

"रुसली नाही," बायको म्हणाली. "तिला माझी सवयच राहिली नाही."

त्यानंतर तिचं कामात लक्ष लागेना. सहा आठवड्यांचं प्रशिक्षण होतं. ते पूर्ण केलं तरच प्रमाणपत्र, आणि त्या प्रमाणपत्रावर इथल्या नव्या प्रयोगशाळेची जबाबदारी तिला मिळणार होती. चार वर्षं ती त्यासाठी झटत होती. चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला ती म्हणाली, मी तिकीट बदलायचं बघतेय. मी तिला पुष्कळ समजावलं. वाक्य अर्धं राहिलं, कार्ड संपलं.

त्याच रविवारी मी मुलीला आणायला खाली गेलो. आंटीजींच्या बैठकीत शिरलो आणि दारातच थांबलो. माझी मुलगी दिवाणावर मांडी घालून बसली होती, फोन दोन्ही हातांनी धरून, आणि अस्खलित पंजाबीत कोणाशी तरी गप्पा मारत होती. बाई वर्गात कोणाला ओरडल्या, आमच्या गच्चीवर माकड आलं होतं ते कसं पळालं, मला वरण करता येत नाही, सगळं. मध्ये मध्ये खदाखदा हसत होती.

"कोण आहे?" मी आंटीजींना विचारलं.

"मेरी बहन. हर संडे करती है, वहाँ आपकी मिसेज़ के पहुँचने से पहले. दोनों की पक्की दोस्ती है जी."

माझं डोकंच फिरलं. जन्मदात्या आईशी एक शब्द नाही, आणि जिला कधी पाहिलंही नाही तिच्याशी अर्धा तास माकडाच्या गोष्टी! बुधवारी फोन आला तेव्हा मी हे सगळं जसंच्या तसं बायकोला सांगून मोकळा झालो. सांगताना मला वाटत होतं, मी तिची बाजू घेतोय. कार्डावर मिनिटं होती, तरी तिने फोन ठेवला.

पुढचं मला नंतर कळलं. शनिवारीच मासी तिच्या हॉस्टेलवर आली आणि तिला मुक्कामाला घरी घेऊन गेली. पान वाढलं तर ही जेवेना. मासीने खोदून विचारलं तेव्हा हिने सगळं सांगितलं, आणि मासी भडकली. माझ्या मुलीवर नव्हे, बायकोवर. इतके रविवार या घरात बसतेस, हा फोन समोर आहे, आणि लेकीला फोन करायला दुकानातून कार्ड विकत आणतेस? बायको काय सांगणार? दुसऱ्याच्या घरी जेवावं, पण दुसऱ्याच्या फोनवरून भारतात बोलावं, एवढं आमच्याने होत नाही. भीड वाटते. मासीला ही भीड काय प्रकार आहे ते शेवटपर्यंत समजलं नाही. तिच्या घरी महिन्याचा ठरावीक आकार भरून भारतात हवं तितकं बोलता यायचं.

रविवारी सकाळी आंटीजींनी मला खाली बोलावलं आणि कट सांगितला. नेहमीच्या वेळी मासीचा फोन येईल. इकडचा स्पीकर त्या चालू ठेवतील. तिकडे माझी बायको मासीच्या शेजारी बसलेली असेल, पण एक अक्षर बोलणार नाही. मासी फक्त विचारणार. माझं काम एकच, तोंड बंद ठेवणं. मला ते पटलं नव्हतं. सहा वर्षांच्या पोरीला फसवायचं म्हणजे काय! पण तिकीट बदलायचं की नाही ते बायको त्या दिवशी ठरवणार होती, म्हणून मी गप्प राहिलो आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसलो.

फोन आला. माकडाची चौकशी झाली. मग मासीने अगदी सहज विचारलं, आईशी का बोलत नाहीस, "पुत्त, तूं आई नाल गल्ल क्यों नईं करदी?"

माझी मुलगी रिसीव्हरच्या वायरशी खेळत होती. ती तितक्याच सहज म्हणाली, "मैं बोलदी आं ते आई रो पैंदी ऐ."

मी बोलले की आई रडते. मला हे माहीतच नव्हतं. फोन लेकीच्या कानाला असायचा आणि माझे डोळे घड्याळावर. ती नुसतीच ऐकत राहायची तेव्हा पलीकडे काय चाललेलं असायचं, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

"फेर कार्ड मुक्क जांदा ऐ," ती पुढे म्हणाली. "बाबा वास्ते कुछ बचदा ही नईं." कार्ड संपतं, मग बाबांसाठी काही उरतच नाही. "बाबा नूं वी आई दी याद आंदी ऐ." बाबांनाही आईची आठवण येते.

आंटीजींनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. मी खुर्चीवर बसून होतो आणि मला माझं ते वेळापत्रक आठवून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं. चार मिनिटं तिची, चार माझी. तिने तिचीही मला देऊन टाकली होती आणि पलंगाखाली जाऊन बसली होती.

मग पलीकडून एक हुंदका आला. तो दाबायचा प्रयत्न केलेला कळत होता, पण आमच्या घरात तो हुंदका सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

मुलीने वायर सोडली. "आई?"

"पिल्लू," बायको कशीबशी म्हणाली आणि रडायलाच लागली.

आता मुलगीही रडणार, किंवा आम्ही सगळ्यांनी मिळून फसवलं म्हणून चिडून पळणार, असं मला वाटलं. मी उठलोसुद्धा. तिने मला हाताने थांबवलं. थोडा विचार केला. मग आंटीजींना विचारलं, "ये मासीवाला फोन है ना? इसमें कार्ड नहीं होता ना?"

"ना पुत्त. ये खतम नहीं होता."

ती दिवाणावर नीट मागे सरकून बसली, पाय वर घेतले, आणि रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"आई," ती म्हणाली, "पहले रो ले. आराम से. मैं बैठी हूँ."