दोन पिकांच्या मधलं लग्न

बाजारात तिला सगळे 'हंगामी काकू' म्हणत. लग्नाची फुलं ठरवायला कुणी आलं की तिचा पहिला प्रश्न असे, "लग्न कधी आहे?" रंग, आवड, फोटो हे सगळं नंतर. त्या दिवसांत आजूबाजूच्या शेतांत जे फुललेलं असेल, तेच ती लग्नाला लावायची. एखादी मुलगी मोबाइलमधला फोटो पुढे करून हटून बसली, तर काकू शांतपणे सांगे, "बाळा, ही फुलं तुझ्या लग्नाला चार दिवस आधी तोडलेली, थंडगार खोक्यातून थकून येणार. माझी सकाळी तोडलेली असतील. बघ बाई, तुला पाहुणे कसे हवेत." निम्म्या मुली हसत आणि ऐकत. उरलेल्या समोरच्या मोठ्या दुकानात जात.

तिच्या फुलांतली निम्मी नवऱ्याच्याच मळ्यातली असत. गावाबाहेर, गिरणीच्या मागे दीड एकराचा तुकडा होता. तो पिकवी, ती सजवी. नवरा माणूस थट्टेखोर. पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणे, "बायको हंगामी आहे, मी मात्र कायमचा."

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं कुणाला न विचारता तारीख सांगून टाकली. थंडी पडल्यावर. पांढरी शेवंती तेव्हा ऐन भरात असते. चार वाफे त्यानं लेकीच्या नावानं राखून ठेवले. होणारा जावई म्हणाला, "बाबा, पत्रिका छापायच्या आधी फुलांनाच विचारलंत वाटतं!" त्यावर तो इतका हसला की खोकल्याची उबळ आली. तो खोकला काही थांबला नाही.

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी काकूला बाजूच्या खोलीत बोलावून खुर्ची पुढे केली आणि सांगून टाकलं. थंडीपर्यंत ते राहणार नाहीत. फार तर पाच-सहा आठवडे.

लेकीनं त्याच दिवशी सांगितलं, "आई, लग्न पुढच्या रविवारी. घरीच. बाबा बघतील एवढंच मला हवंय."

आणि ते दिवस कसे होते? पाऊस नुकताच लागलेला. जुनं पीक उपटून झालेलं, नव्या रोपांची उंची वीतभर. गुलाबाची छाटणी झालेली. वर्षातले हे दोन-तीन आठवडे काकू कामच घेत नसे. ती चिखल तुडवत ओळखीच्या सगळ्या मळ्यांवर फिरली. कुणाकडे मूठभर पिवळी फुलं होती, तीही पावसानं सडलेली.

लेक म्हणाली, "राहू दे गं. फुलांवाचून काही अडत नाही."

"तुझं नाही अडत," काकू म्हणाली. "त्यांचं अडतं."

शनिवारी सकाळी ती बसनं शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथल्या फुलांच्या शीतगृहाची पायरी ती आयुष्यात चढली नव्हती. आत हुडहुडी भरली. तिनं पांढरी, लांब देठाची, कुठल्याशा दूरदेशची फुलं निवडली आणि कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून पदर डोक्यावरून घेऊन परतली.

रविवारी पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्याची खाट लावली होती. लग्नाची नोटीस लेकीनं खोकला लांबला तेव्हाच देऊन ठेवली होती. नोंदणी कार्यालयातले साहेब टेबलापाशी बसले, मुलांनी सह्या केल्या. फुलांनी खोली पांढरीशुभ्र दिसत होती. लेक वाकून त्याच्या कुशीत शिरली. त्यानं तिच्या हातातल्या गुच्छातलं एक फूल काढून घेतलं, नाकाशी नेलं, मग उलटं करून देठाचा काप बघत राहिला.

"कुणाच्या मळ्यातली?" त्यानं विचारलं.

काकूनं त्याची उशी सारखी केली. "नदीपलीकडे एक नवा आलाय. त्याच्याकडची."

"हुशार दिसतोय," तो म्हणाला. "निगा राखलीय."

संसाराच्या सत्तावीस वर्षांत ती त्याच्याशी खोटं बोलली ते एवढंच. खरं सांगून टाकावं म्हणून ती रोज खाटेजवळ बसे, पण कधी त्याला झोप लागलेली, कधी धाप. अकराव्या दिवशी दुपारी तो गेला.

पुढे थंडीत त्याची शेवंती फुलली, ती दुसऱ्यांच्या लग्नांत गेली. काकूनं एकही काम नाकारलं नाही. मुली कौतुक करत, ती मान हलवी.

वर्षभरानं लेक माहेरी आली होती. भांडी पुसता पुसता काकूच्या तोंडून त्या खोट्याची कबुली निघून गेली. लेकीचा हात थांबला.

"त्यांना ठाऊक होतं, आई. त्याच संध्याकाळी मला म्हणाले, 'तुझी आई शीतगृहात जाऊन आलीय. किती जड गेलं असेल गं तिला. मला कळलंय असं तिला कळू देऊ नकोस.'"

काकूनं हातातलं ताट खाली ठेवलं. म्हणाली, "आम्ही दोघंही एकमेकांना सांभाळत बसलो." आणि आवाज न करता रडली.

मळा विकायचं तिनं मनावर घेतलं नाही. त्या साली स्वतःच लागवड केली. रोपं जगली, पण थंडी सरत आली तरी फूल धरेना. धरलं ते बटणाएवढं. शेजारचा शेतकरी येऊन बघून गेला. "वहिनी, शेंडे फार उशिरापर्यंत खुडलेत तुम्ही. फांद्या फुटायला खुडायचं, पण वेळेवर थांबवावं लागतं, नाहीतर कळी धरत नाही."

तो गेल्यावर ती बांधावर बसली. याच बांधावर बसून ती वर्षानुवर्षं त्याला सांगत आली होती, कुठल्या नवरीनं काय मागितलं, कोण कशी रुसली. तो वाकून शेंडे खुडत ऐकायचा, मधूनच हसायचा. त्याचे हात काय करताहेत हे तिनं कधी विचारलं नव्हतं, आणि त्यानंही कधी आपणहून सांगितलं नव्हतं.

"अहो, थांबायचं कधी ते तरी सांगायचं होतं," ती मोठ्यानं म्हणाली.

शेजारच्या वावरात पंप चालू होता. ती उठली, आणि कधी थांबायचं ते नीट विचारून घ्यायला त्या शेतकऱ्याकडे निघाली.