शेपटी हलली तरच

गेल्या रविवारी दुपारी दारावर थाप पडली. उघडलं तर कमलाबाई... डोक्यावर टोपली नाही, हात रिकामे, पायांवरचा चिखल तसाच वाळलेला.

कमलाबाई तापीच्या घाटावर मच्छी विकतात. माझी रत्नागिरीची वहिनी चिडवते, ‘तुमच्या बुऱ्हाणपूरला कसलं आलंय बंदर!’ पण आमच्यासाठी घाट हेच बंदर. पहाटे आठ-दहा डोंगे, म्हणजे छोट्या होड्या, लागतात, जाळी झटकली जातात, मांजरं जमतात, तराजू निघतात... आणि नवाच्या आत पायऱ्या धुऊन सगळं संपलेलंही असतं.

कमलाबाईंची एक रीत आहे. त्यांचे यजमान लखनभाऊ डोंग्याला बांधलेल्या जाळीच्या पिशवीत मच्छी पाण्यातच जिवंत ठेवतात. गिऱ्हाईक आलं की बाई त्यातली एक काढून ओल्या पायरीवर ठेवतात. शेपटी हलली तर तराजूत, नाही हलली तर बाजूला. कितीतरी वर्षं मी हेच बघत आलेय.

माझे वडील, आप्पा, आमच्याकडेच असतात. वय ऐंशीच्या पुढे, दात गेलेले... पण कमलाबाईंच्या रोहूचा पातळ रस्सा वाटीभर आवडीने पितात. शनिवारी दुपारीही प्यायले. आम्ही बाकीचे शनिवार पाळतो, त्यामुळे ती मच्छी फक्त त्यांच्यासाठीच होती.

संध्याकाळपासून त्यांना उलट्या सुरू झाल्या. ऊन आहे, वय आहे, असं म्हणत मी ओवा दिला, लिंबूपाणी दिलं. रविवारी दुपारपर्यंत ते अगदी गप्प झाले होते. मला वाटलं, डोळा लागला... म्हणून खोलीचं दार लोटून घेतलं.

आणि आता कमलाबाई दारात उभ्या. आत या म्हटलं तरी येईनात.

“ताई, बाबूजींनी कालची मच्छी खाल्ली का?”

मी हो म्हटलं. त्यांनी चौकट धरली.

“आज सकाळी नदीत सगळी मच्छी पोट वर करून पडली होती. वरून कोणी काय सोडलं, काय माहीत. पाण्यावर साबणासारखा फेस आहे.” मग म्हणाल्या, “काल तुमच्या मच्छीची शेपटी एकदाच हलली होती, ताई. मला दिसलं होतं. बाजूला ठेवणार होते... तरी तोलून दिली.”

मला शनिवारची सकाळ आठवली. स्कूटर बंदही केली नव्हती. शाळेत पेपर तपासायला जायचं होतं, आणि मीच म्हटलं होतं, “हलली की, कमलाबाई. द्या लवकर.”

आप्पांना हाक मारली तर त्यांनी डोळे अर्धेच उघडले. रिक्षात त्यांना दोघींनी मिळून बसवलं. डॉक्टर म्हणाले, मच्छीनेच झालं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण अंगातलं पाणी पार गेलंय. अजून संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर... म्हणत त्यांनी सलाईन लावायला सांगितलं.

कमलाबाईंनी शनिवारी पाच घरांना मच्छी दिली होती, हे नंतर कळलं. रविवारी त्या पाचही घरी उन्हात चालत गेल्या. बुधवारा मोहल्ल्यातल्या एका बाईंनी गल्ली गोळा होईपर्यंत त्यांना सुनावलं. एकांनी ऐकलं आणि दार लावून घेतलं.

त्या सकाळी घाटावर एक व्यापारी बर्फाच्या पेट्या घेऊन आला होता. “मौसी, बरफ में डाल देंगे, कौन पूछता है?” पाण्यावर तरंगणारीसुद्धा त्याने उचलली. बऱ्याच जणांनी दिली... त्यांच्या घरी तरी त्या दिवशी चूल कशावर पेटणार होती? लखनभाऊंनी मात्र आपली सगळी मच्छी काठावर खड्डा करून पुरली.

तिसऱ्या दिवशी कमलाबाई दवाखान्यात आल्या. आप्पांच्या हाताला सलाईन होतं. त्यांनी पांघरुणाखालून पायाचा अंगठा हलवला आणि म्हणाले, “बघा कमलाबाई, अजून हलतेय. घ्या तोलून.” बाई हसल्या. मग त्यांनी पदर तोंडावर घेतला.

आप्पा घरी आलेत, पण पूर्वीचे नाहीत. गॅलरीपर्यंत जायलाही माझा हात लागतो. रश्शाचं नाव काढलं की मान फिरवतात.

काल मी घाटावर गेले. बाकीचे डोंगे पाण्यात होते, विक्री चालू होती. लखनभाऊंचा डोंगा काठावर पालथा घातलेला, आणि कमलाबाई आपल्या पायरीवर नुसत्याच बसलेल्या. पाण्याची चव सुधारली असं लखनभाऊ म्हणेपर्यंत जाळं टाकायचं नाही, असं दोघांनी ठरवलंय.

“तोवर तुम्हीही घेऊ नका, ताई. सुधरलं की मीच घरी येईन सांगायला.” शेजारची एक जण तराजू आपटत म्हणाली, “आली मोठी हरिश्चंद्राची लेक! आमचीही गिऱ्हाइकं घालवशील.” कमलाबाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

मी म्हटलं, चूक माझी होती, घाई मी केली. त्या म्हणाल्या, “तराजू माझ्या हातात होता, ताई.”

त्या पाचातल्या तीन घरांनी कमलाबाईंकडून पुन्हा काही घ्यायचं नाही असं सांगून टाकलंय. परत येताना बुधवाऱ्यात थांबले, तर त्यांना सुनावणाऱ्या त्याच बाई बर्फातली मच्छी घेत होत्या... भाव करत होत्या, आणि विकणारा दोन्ही हातांनी बर्फ बाजूला सारत होता. तिथे कोणीच शेपटी बघत नव्हतं.

हे लिहितेय तेव्हा आतल्या खोलीत आप्पा खोकतायत. एरवी मी वैतागले असते... आज मोबाईल खाली ठेवून तो आवाज नुसता ऐकत बसलेय. त्या दिवशी कमलाबाई चालत आल्या नसत्या, तर मी आप्पांच्या खोलीचं ते लोटलेलं दार संध्याकाळीच उघडलं असतं.